यंत्राचा धनी कोण?

हल्लीं सुशिक्षित घरांतून एक नवाच वाद ऐकूं येतो. पूर्वीं वडील मंडळी आणि मुलें यांच्यांत खटके उडत ते पतंगावरून, गोट्यांवरून, नाहींतर सिनेमावरून. आतां ते व्हिडिओ गेमच्या यंत्रावरून उडतात. मुलगा दहावी पास होतो, ‘चांगला कॉम्प्युटर’ मागतो, आणि चौकशीअंतीं असें निघतें कीं, ज्यावर मोठमोठे खेळ न अडखळतां चालतील तोच चांगला! आई म्हणते, अभ्यास बुडेल. वडील किंमत ऐकतात आणि वर्तमानपत्र उघडतात. आजोबांना बहुधा कोणी विचारीत नाहीं. परंतु या बाबतींत आजोबांचेंहि कांहीं मत असूं शकतें, आणि तें ‘आमच्या वेळीं असें नव्हतें’ या एका वाक्यांत संपणारें नसतें.

प्रस्तुत लेखकानें जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. यंत्रविद्येची पदवी त्याच्यापाशीं नाहीं. तथापि गेलीं पंधरा वर्षें संगणक त्याच्या रोजच्या वापरांत आहे, आणि त्याचें झांकण काढून आंतली धूळ झाडण्याइतकी ओळखहि झाली आहे. या वापरांतून जें मत बनलें तें वाचकांपुढें ठेवतों. पटेल तेवढें घ्यावें.

माझें पहिलें म्हणणें असें कीं, घराघरांतील या वादांत एका गोष्टीकडे कोणाचेंच लक्ष नसतें. यंत्र किती किमतीचें, त्याचा वेग किती, त्यावर मुलानें किती वेळ घालवावा, यांची चर्चा होते. पण त्या यंत्राच्या आंत बसून जो सगळा कारभार पाहतो, त्या ऑपरेटिंग सिस्टिमचें नांवहि निघत नाहीं. ती काय असते हें आमच्या शास्त्रांतील एका उदाहरणानें सांगतां येईल. पाणिनीच्या अष्टाध्यायींत सुमारें चार हजार सूत्रें आहेत. त्यांपैकीं कांहींना अधिकारसूत्रें म्हणतात. अधिकारसूत्र स्वतः एकहि रूप सिद्ध करीत नाहीं. परंतु पुढच्या सूत्रांवर, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, त्याचा अंमल चालतो, आणि तें ध्यानांत ठेवल्यावांचून त्या सूत्रांचा अर्थ लागत नाहीं. ऑपरेटिंग सिस्टिम नेमकी अशीच आहे. ती पत्र लिहीत नाहीं, गाणें म्हणत नाहीं, खेळहि खेळत नाहीं. पण कोणता खेळ चालूं द्यावयाचा, कोणत्या कामाला किती जागा व किती वेळ द्यावयाचा, कोणतें अक्षर कसें दाखवावयाचें, हें सर्व तिच्या अधिकारांत. म्हणून यंत्र विकत घेणें ही अर्धीच खरेदी होय. उरलेली अर्धी खरेदी या अधिकाराची. आणि तो आपल्याला मिळतो कीं दुसऱ्याच्याच हातीं राहतो, हें पाहिलें पाहिजे.

आतां खेळाविषयीं. खेळ म्हणजे कालापव्यय, ही समजूत निदान या विद्येच्या इतिहासानें तरी खोटी ठरविली आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेंत केन टॉम्प्सन या गृहस्थानें ग्रहमालेंतून यान चालविण्याचा एक खेळ रचला. मोठ्या यंत्रावर तो एकदां खेळला कीं, सुमारें पंचाहत्तर डॉलरचा यंत्रवेळ खर्चीं पडे. म्हणून त्यानें कोपऱ्यांत फारशी कोणी न वापरलेली पीडीपी-७ नांवाची लहान मशीन शोधून काढली आणि आपला खेळ तिच्यावर बसविला. त्या निमित्तानें त्या मशीनशीं जी घसट झाली, तींतून त्याच मशीनवर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम जन्मास आली. पुढें १९९१ च्या ऑगस्टमध्यें हेलसिंकीच्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें त्याच धर्तीवर, निव्वळ छंद म्हणून, लिनक्सची रचना आरंभिल्याचें जाहीर केलें. आज आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीं तें लिनक्स आहे. लिनसच्या आत्मचरित्राचें नांवच ‘जस्ट फॉर फन’ म्हणजे ‘गंमत म्हणून’ असें आहे. तेव्हां ‘खेळून कोणाचें भलें झालें आहे?’ असें मुलाला विचारण्यापूर्वीं वडिलांनीं आपल्या खिशांत हात घालून पाहावा हें बरें.

उदाहरणासाठीं सातासमुद्रापलीकडे जाण्याचेंहि कारण नाहीं. आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ च्या जुलैमध्यें जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हां ती अवघी एकोणीस वर्षांची होती. बुद्धिबळाचा पट तर आमच्या चतुरंगापासूनचा. परंतु आजच्या बुद्धिबळपटूचा सराव संगणकाशिवाय होत नाहीं. त्या सरावांत वापरला जाणारा स्टॉकफिश हा जगांतील अत्यंत बलाढ्य बुद्धिबळ-प्रोग्राम कोणालाहि फुकट मिळतो, आणि त्याची अंतर्रचनाहि वाचावयास खुली आहे. तो चालविण्यासाठीं लाखाचें यंत्र लागत नाहीं. साध्या लॅपटॉपवरहि तो तुम्हां-आम्हांला सहज मात देतो.

खेळाच्या यंत्रांची माझी पहिली ओळख १९९० नंतरच्या दशकांतली. नागपुरास बर्डीवरून लोक टीव्हीला जोडावयाचे व्हिडिओ गेम आणीत. त्या मशिनी बहुतांशीं १९८३ सालीं जपानांत निघालेल्या निन्टेन्डोच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’च्या नकला असत. कळमेश्वरांतहि ज्या घरीं ती असे, त्या घराच्या ओसरीवर सुटीच्या दिवशीं वीसपंचवीस चपला दिसत. त्या मूळ यंत्राची कामाची स्मृति अवघी २ किलोबाइट होती! आणि १९८५ सालच्या सुप्रसिद्ध ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाचा सारा ऐवज ४० किलोबाइटांत बसविलेला होता. आज आपण फोनवर काढलेल्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. एवढ्याशा जागेंत आठ जगें, त्यांतील शत्रु, संगीत हें सर्व कसें मावलें? तर त्या खेळांतील आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडूप हें चित्र एकच आहे. नुसता रंग बदलला आहे. वैयाकरणाला अर्धी मात्रा वांचली तरी घरांत पुत्र जन्मल्याचा आनंद होतो, असें आमच्यांत म्हणतात. ही गोष्ट मला कळली तेव्हां या जपानी मंडळींचेंहि गोत्र सूत्रकारांचेंच असावें, असें मनांत आलें.

आजच्या यंत्रांत ही काटकसर उरलेली नाहीं. खेळाचें चित्र काढण्यासाठीं जें निराळें ग्राफिक कार्ड लागतें, त्याचा पसारा पाहावा. एनव्हिडिया कंपनीच्या २०२२ सालच्या आरटीएक्स ४०९० या कार्डाला एकट्याला ४५० वॉट वीज लागते. २०२५ च्या ५०९० या कार्डाला ५७५ वॉट. आपल्या घरांतील साधा छताचा पंखा ७५ वॉटचा धरला, तर हे सातांहून अधिक पंखे एकदम चालविल्यासारखें झालें; आणि पंखा वारा तरी देतो, हें कार्ड घेतलेली वीज उष्णता करून खोलींतच सोडतें. पुण्या-मुंबईच्या माणसाला यांतली मेख कळावयाची नाहीं. वैशाखांत जेथें पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो, तेथें पांचशे वॉटची शेगडी आणि खिडकींतला कूलर हीं दोन्ही एकाच खोलींत चालवून पाहावीं. कूलरची ओली हवा यंत्राला मानवत नाहीं, आणि कूलर बंद केला तर माणसाला राहवत नाहीं. शिवाय एप्रिल-मेमध्यें वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, म्हणून इन्व्हर्टरहि मोठा लागतो. किंमत विचारतांना दुकानदार कार्डाचीच सांगतो. हा मागाहून येणारा खर्च ज्याचा त्यानें जोडून घ्यावयाचा असतो.

तरीहि न्यायानें बोलावें तर या कार्डांनीं विद्येचें ऋण फेडलें आहे. मुलांच्या खेळासाठीं लक्षावधि ठिपके एकदम रंगविण्याची जी युक्ति निघाली, तीच मोठमोठ्या गणितांना उपयोगी पडली. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, हें आपल्या पिढीला आठवत असेल. त्याच संस्थेच्या ‘परम सिद्धि-एआय’ या यंत्राला २०२० च्या नोव्हेंबरमध्यें जगांतील पहिल्या पांचशे महासंगणकांत ६३ वा क्रमांक मिळाला, आणि तें यंत्र एनव्हिडियाच्याच चिपांवर उभारलेलें आहे. खेळण्याची विद्या प्रयोगशाळेंत गेली ती अशी. मात्र त्यासाठीं प्रत्येक घरांत प्रयोगशाळेच्या तोलाचें कार्ड असलें पाहिजे, असें यावरून निघत नाहीं.

मग प्लेस्टेशनसारखें केवळ खेळाचेंच यंत्र घ्यावें काय? त्याचे गुण आहेत. प्लेस्टेशन ५ हें यंत्र २०२१ च्या फेब्रुवारींत भारतांत आलें तेव्हां तबकडीवाल्या प्रकाराची किंमत ४९,९९० रुपये होती. तेवढ्या पैशांत तशीं चित्रें काढणारा संगणक जुळवितां आला नसता. तें टीव्हीला जोडलें कीं काम झालें. त्यांत विषाणु शिरत नाहीं, रोज डागडुजी लागत नाहीं. परंतु त्यांत अधिकारसूत्र दुसऱ्याचें असतें, आणि तें किती कडक असतें याचा एक दाखला सांगण्यासारखा आहे.

प्लेस्टेशन ३ हें यंत्र सोनी कंपनीनें २००६ सालीं विकावयास काढलें, तेव्हां त्यांत लिनक्ससारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसविण्याची सोय होती, आणि कंपनी ती उघडपणें सांगत असे. ती सोय आहे म्हणून कित्येकांनीं तें यंत्र अभ्यासासाठीं घेतलें. अमेरिकेच्या हवाई दलानें तर सुमारें १,७६० प्लेस्टेशनें एकत्र जोडून एक महासंगणकच केला. परंतु २०१० च्या एप्रिलमध्यें सुरक्षिततेचें कारण देऊन कंपनीनें एक सुधारणा पाठविली आणि ती सोय काढून टाकली. सुधारणा घ्यावी तर लिनक्स गेलें; न घ्यावी तर इतरांशीं जोडून खेळण्याची सोय गेली. लोक कोर्टांत गेले आणि कित्येक वर्षांनीं तो दावा तडजोडीनें मिटला. ज्यांनीं पैसे मोजले होते, यंत्र ज्यांच्या घरांत होतें, त्यांना घरबसल्या त्या यंत्राचा अर्धा उपयोग गमवावा लागला. आमच्या माळ्यावर पणजोबांच्या वेळच्या पोथ्या आहेत. त्यांना कसर लागूं शकते, उंदीर कुरतडूं शकतो. परंतु पोथी विकणाऱ्यानें ऐशीं वर्षांनीं येऊन एक अध्याय फाडून नेला, असें कधीं घडलेलें नाहीं.

हीच गोष्ट निराळ्या रूपानें घरोघर येऊन ठेपली. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सर्वसाधारण सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. घरगुती गिऱ्हाइकांना आणखी एका वर्षाची सवलत कांहीं अटींवर दिली. त्याच्या पुढची विंडोज ११ ही यंत्रांत टीपीएम २.० नांवाची सुरक्षिततेची सोय आणि त्यामानानें नवीन प्रोसेसर मागते. म्हणजे सात-आठ वर्षांहून जुनीं असलेलीं पुष्कळशीं यंत्रें, तीं कितीहि नीट चालत असोत, एका दिवसांत निवृत्त ठरलीं! कंपनीच्या बाजूनेंहि बोलतां येईल. जुन्या सिस्टिमची जन्मभर मोफत डागडुजी करण्यास ती बांधलेली नाहीं. टीपीएममुळें सुरक्षितता वाढते हेंहि खोटें नाहीं. परंतु स्वतः साठीच्या वयांत सेवेंतून मोकळा झालेल्या माणसाला धडधाकट कामगार केवळ तारखेवरून घरीं बसवितां येतो हें ठाऊक असतें, आणि म्हणूनच त्याला त्या कामगाराविषयीं थोडी माया वाटते.

आमच्या घरचा संगणक २०१४ सालचा. एका दुकानदारानें तो पाहून ‘भंगारांत द्या, गुरुजी’ असा निकाल दिला. मीं त्यावर लिनक्स बसवून घेतलें. त्याला एक पैसा पडला नाहीं. आणि आज त्यावर पत्रें, शब्दकोश, कीर्तनांचें ध्वनिमुद्रण, नातवाचा गणिताचा अभ्यास, सर्व चालतें. हा कांहीं माझा एकट्याचा तऱ्हेवाईकपणा नव्हे. केरळांतील सरकारी शाळांनीं कित्येक वर्षांपूर्वींच मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम स्वीकारली, आणि आमच्या सी-डॅकनेंहि ‘बॉस’ नांवाची भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्सची आवृत्ति काढली आहे. दोषहि सांगितलेच पाहिजेत. कांहीं छापयंत्रें तिच्याशीं चटकन जुळत नाहींत, कांहीं कार्यालयांचे फॉर्म विंडोजच गृहीत धरून केलेले असतात, आणि मित्रांबरोबर खेळले जाणारे कांहीं लोकप्रिय खेळ त्यावर मुळींच चालत नाहींत. ज्याचें पोट विंडोजवरच्या विशिष्ट प्रोग्रामवर आहे, त्यानें माझ्या नादीं लागूं नये.

परंतु मला स्वतःला या विषयाची जी तळमळ आहे ती खेळासाठीं नव्हे, अक्षरांसाठीं. १९९९ सालीं मीं संस्कृत धड्यांवरचीं आपलीं टिपणें एका छापखान्यांत टाइप करवून घेतलीं. वीस वर्षांच्या शिकविण्याचें तें सार होतें. पुढें तीं फाइल उघडून पाहिली तेव्हां देवनागरीच्या जागीं इंग्रजी अक्षरें, टिंबें आणि चित्रविचित्र चिन्हें यांची खिचडी दिसली. कारण असें कीं, त्या काळचे पुष्कळसे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवीत, आणि ज्याची त्याची मांडणी निराळी असे. फॉन्ट गेला कीं, लेखन असूनहि नसल्यासारखें. शब्द माझे, श्रम माझे, फाइलहि माझी. पण ती वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला!

यावरचा उपाय तेव्हांहि अस्तित्वांत होता. भारतीय लिप्यांसाठीं ‘इस्की’ हें सरकारी प्रमाण १९९१ सालीं ठरलें. त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली आणि तींत देवनागरीला स्वतःचें हक्काचें घर मिळालें. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टनेंहि हिंदी, मराठी व संस्कृत यांची सोय केली. युनिकोडमध्यें लिहिलेलें मराठी आज विंडोजवर, लिनक्सवर, फोनवर, सर्वत्र तेंच दिसतें. आणि पाहा, यांत मराठीच्या बारकाव्यांचीहि दाद लागली. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या. हा फरक दाखविणारा आमचा खास आडवा र तींत लिहितां येतो. ‘ॲ’ या आमच्या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ सालीं मिळालें. पुण्यांत मोठें कार्यालय असलेल्या रेड हॅट या लिनक्स कंपनीनें भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ नांवाचे फॉन्ट सर्वांना मोकळे करून दिले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीचें नांव पाहतां हा शब्द कसा सुचला असेल हें संस्कृतच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. माझीं टिपणें मीं आतां छापील प्रतीवरून पुन्हा युनिकोडांत लिहून काढीत आहें. रोज दोन पानें होतात. नातू शुद्धिपत्र तपासतो. त्यालाहि थोडें संस्कृत घडतें.

त्या नातवानेंच गेल्या वर्षीं खेळाच्या यंत्राची मागणी केली होती. घरांत बैठक झाली. त्याला मीं इतकेंच विचारलें, ‘अरे, तुला त्यावर खेळावयाचें आहे कीं त्याचा धनी व्हावयाचें आहे?’ तो म्हणाला, ‘दोन्ही, आजोबा.’ मला तें उत्तर आवडलें. शेवटीं प्लेस्टेशन नको, लाखाचें कार्डहि नको, असें ठरलें. त्याच्या वडिलांनीं मध्यम प्रतीचें, भाग सुटे करून बदलतां येतील असें यंत्र घेतलें. त्यांतले भाग जुळविणें, त्यावर दोन ऑपरेटिंग सिस्टिमी शेजारीं-शेजारीं बसविणें, हें सर्व काम नातवावर सोंपविलें. त्याला चार रविवार लागले. त्या चार रविवारांत त्यानें खेळ एकहि खेळला नाहीं, आणि कंटाळलाहि नाहीं. यंत्र माजघरांत ठेवलें आहे, दाराआड नव्हे. तेथें त्याची आजी भाजी निवडीत बसते. तिच्यादेखत काय खेळावें आणि कोठवर खेळावें हें कोणीं सांगावें लागत नाहीं.

पैसे लावून खेळण्याचे खेळ मात्र आमच्या घरांत वर्ज्य आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें अशा ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला आणि ई-स्पोर्ट्सना त्यांतून वेगळें काढलें, हा भेद मला योग्य वाटतो. फांसे टाकून राज्य घालविल्याची कथा ज्या समाजानें शतकानुशतकें ऐकली, त्याला तो निराळा समजावून सांगण्याची गरज पडूं नये.

वाचकांना माझें सांगणें एवढेंच आहे कीं, मुलानें यंत्र मागितलें म्हणजे किमतीबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्या. तें उघडून दुरुस्त करतां येईल काय? त्यावर आपल्या मर्जीची ऑपरेटिंग सिस्टिम घालतां येईल काय? कंपनीनें हात वर केले तर तें चालूं राहील काय? आणि त्यावर लिहिलेलें मराठी पंचवीस वर्षांनीं दुसऱ्या यंत्रावर वाचतां येईल काय? या चारांचीं उत्तरें होकारार्थीं आलीं तर मुलाला खुशाल खेळूं द्यावें. तो खेळतां खेळतां कांहींतरी शिकेल. तीं नकारार्थीं आलीं तर तें यंत्र विकत घेतलें असें समजूं नये. तें भाड्यानें आणलें आहे असें समजावें, आणि भाड्याच्या घराला आपण जेवढा पैसा लावतों तेवढाच त्याला लावावा.